तिसऱ्या हाकेला ओ

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली म्हणून परवा मी नाशकात घागरी घ्यायला गेले होते. घागरी माझ्या सासरच्या गावी, देवळ्यातही मिळतात, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर कुंभाराचं दुकान आहे. पण या वर्षी मला नाशिकच्याच हव्या होत्या. दोन घेतल्या, रिक्षात मांडीवर धरून बसले आणि बसस्टँडकडं जायचं सोडून रिक्षावाल्याला म्हटलं, अंबडच्या रस्त्यानं घ्या जरा, एक गल्ली बघायची आहे. त्यानं आरशातून माझ्याकडं आणि घागरींकडं पाहिलं आणि रिक्षा वळवली.

माझं लहानपण त्या गल्लीत गेलं. तेव्हा दोन्ही बाजूंना बैठी घरं होती, वर पत्रे आणि पुढं एकेक पायरी. आता सगळी दुमजली झाली आहेत, ग्रिलच्या आत गाड्या उभ्या आहेत. प्रभामावशीच्या घरात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आलं आहे. पायरी मात्र तीच आहे, शहाबादी फरशीची, मधोमध झिजलेली. ती झीज आमची आहे. मी घागरी सांभाळत तिच्यावर जरा टेकले.

तेवढ्यात समोरच्या घरातून बाईचा आवाज आला, "आर्या, घरात ये." आणि उन्हात सायकलची चेन बसवत बसलेली पोरगी पहिल्याच हाकेला "ओ" म्हणून मोकळी झाली.

मी पायरीवरून अर्धी उठलेच. तिला जाऊन सांगावंसं वाटलं, अगं बये, भर दुपारची वेळ, आधी हाक कोणाची आहे ते तरी बघ. पण अनोळखी बाईनं लेकराला असलं काही सांगितलं तर तिच्या आईनं मलाच हडळ ठरवलं असतं. मी परत टेकले.

आमच्या वेळी या गल्लीत एकही मूल पहिल्या हाकेला ओ देत नसे. दुसऱ्या हाकेलाही नाही. आया दारात उभ्या राहून घसा कोरडा करायच्या आणि आम्ही ढिम्म. भूत दोनदाच हाक मारतं, तिसरी मारायची त्याला मुभा नसते. तिसरी हाक येते ती माणसाचीच. हे आम्हाला प्रभामावशीनं शिकवलं होतं आणि त्याबद्दल गल्लीतल्या बायकांनी तिच्या नावानं भरपूर बोटं मोडली होती. "आमटी करपली तरी कार्टी हलत नाही," आई म्हणायची. "तिला पोरंबाळं असती म्हणजे कळलं असतं."

प्रभामावशी आमच्या शेजारी राहायची, आईची मैत्रीण म्हणून माझी मावशी. लग्न केलं नव्हतं. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, ऑपरेटरची. आणि उरल्या वेळात ती मुलांसाठी भुताच्या गोष्टी लिहायची. पातळ पातळ पुस्तकं, दोन रंगांतली मुखपृष्ठं, आत एखाददुसरं चित्र. 'चिंचेवरची सासू', 'उलट्या पायांची पाहुणी', 'मुंजाची मुंज'. शाळांच्या कपाटांत ती पुस्तकं असायची आणि त्यांची पानं नेहमी सुटलेली असायची, कारण ती रांगेनं वाचली जायची. बाहेर तिला लेखिका म्हणत. गल्लीत तिला भुतंवाल्या बाई म्हणत, आणि ते तिला जास्त आवडायचं.

तिची एक रीत होती. भुताची गोष्ट रात्री सांगायची नाही. "रात्री घाबरलं की झोप जाते. दुपारी घाबरलं की भूक लागते. आयांचा फायदा बघावा माणसानं." म्हणून तिला सकाळपाळी असली की आम्ही दुपारी तिच्याकडं जमायचो. खिडक्या लावलेल्या, दारावर ओलं गोणपाट. त्या गोणपाटाचा वास, कोपऱ्यातल्या घागरीत टाकलेल्या वाळ्याचा वास, आणि बाहेर कुणाच्या तरी पत्र्यावर वाळणाऱ्या कुरडयांचा आंबूस वास. आम्ही थंड फरशीला गाल लावून पालथे पडायचो. दूर कारखान्याचा भोंगा व्हायचा, म्हणजे माझ्या वडिलांची जेवणाची सुट्टी संपली. त्यानंतर गल्लीत कुत्रंही भुंकत नसे. मावशी खाटेवर मांडी घालून बसायची, चष्मा लावायची आणि नवं लिहिलेलं वाचायला लागायची.

वाचताना ती आमच्या तोंडाकडं कधी बघत नसे. पायांकडं बघायची. म्हणून तर आम्हाला पालथं झोपायला लावायची, तळवे तिच्याकडं करून. गोष्टीत हडळ दाराशी आली आणि आमच्या पायांची बोटं आखडली, की मावशी समाधानानं पुढं वाचायची. बोटं सैल राहिली की ती तिथंच थांबून पेन्सिलीनं ती ओळ खोडायची. "तोंडं खोटं बोलतात गं. शूर असल्याचं सोंग आणतात. बोटांना ते जमत नाही." कधी कुणी मुद्दाम बोटं ताणून धरायचं. मग मावशी पुस्तक मिटून हळूच तळव्याला गुदगुल्या करायची आणि सगळी भुतं हसण्यात वाहून जायची.

भुतं ती बाजारहाट केल्यासारखी गोळा करायची. पेठ-सुरगाण्याकडच्या बाया रानभाज्या घेऊन यायच्या, त्यांच्याकडून एक जुडी घ्यायची आणि वर म्हणायची, "भुतं कोणती आहेत तुमच्याकडं?" भाजीवर कोथिंबीर मागावी तसं. एक म्हातारी मला आठवते. तिनं आधी मावशीला खालून वर न्याहाळलं. मग म्हणाली, "हायत की. पन त्याहीला सहरात करमायचं नाय." मावशी हसून हसून भाजी तिथंच विसरली. आणि एक्स्चेंजमध्ये लाइन रिकामी असली की गावोगावच्या ऑपरेटर बायका तिला गोष्टी द्यायच्या. देवळ्याची ऑपरेटर म्हणे, "प्रभाताई, आमना गावमा मुंजा शे." मावशी लगेच विचारी, "कोणत्या झाडावर?" देवळ्याचा मुंजा मला असा लहानपणीच ओळखीचा झाला. सासर म्हणून देवळं नंतर मिळालं.

ऑफिसात तिचा जन्म पहिल्या घंटेला उत्तर देण्यात गेला. "त्याचा पगार मिळतो," म्हणायची. घरी मात्र तीही तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची. आई कुंपणावरून वाटीभर साखर मागायची तर तिलाही तीनदा "प्रभा" म्हणावं लागे. मोठ्या माणसानं असं करावं याची आम्हाला गंमत वाटायची. तिला ती गंमत वाटत नव्हती, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

तिच्या सगळ्या गोष्टींना शेवट असायचा. हडळीचे केस दारात अडकायचे, मुंजाला लाडू देऊन त्याची मुंज लावून टाकायचे, चकव्यात सापडलेला माणूस चपला उलट्या घालून घरी यायचा. भुतं शेवटी फजीत व्हायची. अपवाद एकाच गोष्टीचा. त्या गोष्टीचं नाव 'पहिली हाक'. एक मुलगा दुपारचा नदीवर जातो. सोबतचे पुढं गेलेले असतात. पाण्यातून हाक येते, "ये रे." मुलाला वाटतं आपलाच सोबती. तो म्हणतो, "ओ."

इथं मावशी थांबायची.

"पुढं?" आम्ही विचारायचो.

"पुढचं मला माहीत नाही. कळलं की लिहीन."

दर उन्हाळ्यात ती ही गोष्ट वाचायची आणि दर उन्हाळ्यात इथंच थांबायची. तिच्या बाकी गोष्टींत कुत्र्यामांजरांनासुद्धा नावं असत, या मुलाला नाव नव्हतं. आणि या एकाच गोष्टीच्या वेळी ती आमच्या पायांकडं बघत नसे, भिंतीकडं बघायची. "तुम्हीच सांगा, काय झालं असेल त्याचं?" हा प्रश्न ती आम्हाला खरोखर विचारायची. मोठी माणसं मुलांना प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर त्यांच्या खिशात असतं. तिच्या खिशात नव्हतं.

आम्ही वाटेल ते शेवट लावायचो. कुणी त्याला मासा केलं, कुणी गिऱ्ह्याचा नोकर. पाण्यातल्या भुताला गिऱ्हा म्हणतात आणि त्याचा केस हाती आला तर तोच आपला नोकर होतो, हे आम्हाला पाठ होतं. मला तेव्हा भूगोलाचं वेड होतं. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, पण ती पुढं कुठं जाते ते बाईंनी नकाशात दाखवलं होतं. मी म्हटलं, "मावशी, तो वाहत वाहत आंध्रात गेला असेल. तिथं कुणीतरी काढला असेल त्याला. आता तो तेलुगू बोलत असेल, म्हणून परत येता येत नाही."

मावशी हसली. मग उठून स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ आलीच नाही. नळ चालू असल्याचा आवाज येत होता. बाहेर आली तेव्हा पदरानं तोंड पुसत होती. "तेलुगू त्याला जमलं नसतं," ती म्हणाली. "मराठीतच नापास होत होता."

माझ्या पायांची बोटं तेव्हा जी आखडली ती घरी जाईपर्यंत सुटली नाहीत. आईनं पोळी लाटता लाटता सांगितलं, प्रभाला धाकटा भाऊ होता, दिनू. गंगेवर गेला होता, परत आला नाही. सापडलाही नाही. एवढंच. आणि तिला कधी विचारायचं नाही, असं लाटणं माझ्याकडं रोखून सांगितलं.

आखाजीला आमच्याकडं पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर, काठोकाठ पाणी, वर खरबूज आणि आंबा, आणि गेलेल्या माणसाला नाव घेऊन हाक मारायची, ये, पाणी पी, जेव. आमच्या घरी आजोबांची घागर असायची. पुरणाचा आणि आमरसाचा वास, ओल्या मातीचा वास, आणि आई अगदी हलक्या आवाजात आजोबांना हाक मारायची, ते शेजारच्या खोलीत झोपले असावेत अशी. मावशीकडं पितरांच्या घागरींखेरीज आणखी एक नवी घागर यायची. ती कोपऱ्यात तिवईवर ठेवून त्यात वाळा टाकायची आणि वर्षभर आम्ही पोरं ते पाणी प्यायचो. दिनूची घागर तिच्या आईनं कधी भरू दिली नाही आणि आई गेल्यावर तिनंही भरली नाही. सापडलेला नाही त्याला गेला कसं म्हणायचं? आईची भरायची, वडिलांची भरायची, त्याची नाही. एकदा माझ्या आईनं धीर करून म्हटलं, "प्रभा, भर गं आता. त्याला पाणी तरी मिळेल."

मावशी म्हणाली, "भरायची तर हाक मारावी लागेल. एका हाकेला ओ दिली तर काय झालं त्याचं. आता मी कोणत्या तोंडानं बोलावू? तो तिकडं घाबरलेला आहे का बरा आहे, तेवढं कळू दे मला. मग भरीन."

तिचं सगळं लिहिणं या एका गोष्टीभोवती फिरत होतं असं आता वाटतं. तिला भुतांचं काही पडलं नव्हतं. शेवटच्या क्षणी तो पोरगा घाबरला होता का, एवढंच तिला हवं होतं. आमच्या बोटांत ती तेच शोधत असेल.

प्रकाशकांना 'पहिली हाक' पुस्तकात हवी होती, पण शेवट करून. ते एकदा घरी आले होते, मी चहा घेऊन गेले होते म्हणून ऐकलं. ते म्हणाले, "आई देवाला नवस करते आणि मुलगा परत येतो, असं करू. मुलांना लटकत ठेवू नये."

"परत आलेला मी बघितला नाही," मावशी म्हणाली. "न बघितलेलं मी लिहीत नाही."

"मग हडळ बघितलीत वाटतं?"

"बघितली आहे. सिटी बसमध्ये रोज माझ्या पुढं घुसते."

चहा संपवून ते निघून गेले. गोष्ट छापली गेली नाही. पुढं एका शाळेच्या समारंभात कुणीतरी भाषणात म्हणालं की असली पुस्तकं मुलांच्या मनावर वाईट परिणाम करतात. मावशी पहिल्या रांगेत बसली होती. तिनं टाळ्याही वाजवल्या. घरी येऊन म्हणाली, "बोलताना त्यांची बोटं बघितलीस? बुटात होती. नाहीतर कळलं असतं."

नंतरची वर्षं कशी गेली ते सांगता येत नाही, सांगण्यासारखं काही घडलंही नाही. घरोघरी टीव्ही आले, दुपारी आवाज त्यांचा. एक्स्चेंजमधली ती खुर्च्यांची रांग गेली, कानाला लावायची यंत्रं गेली, लोक एकमेकांना आपले आपण फोन लावू लागले. मावशी निवृत्त झाली. पुस्तकं पुन्हा छापली गेली नाहीत. आमची फौज पांगली, मी देवळ्याला दिली गेले, कांद्याच्या व्यापाऱ्यांच्या घरात. उन्हाळ्यात कांदा साठवायच्या चाळीचा वास घरभर असतो आणि त्या वासात मी माझ्या मुलांना चिंचेवरच्या सासूची गोष्ट सांगायचे. त्यांची बोटं आखडायची नाहीत. चूक गोष्टीची नव्हती, मी ती तिच्यासारखी सांगू शकत नव्हते.

मोबाईल आल्यावर मावशीला फोन लावायचा म्हणजे तीनदा लावायचा. पहिल्यांदा वाजून वाजून बंद, दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा लगेच, "बोल गं."

"अगं, पडद्यावर माझं नाव दिसतं ना तुला?"

"नाव कुणीही लावून येईल. तीनदा फोन लावायचा धीर भुताला नसतो."

फोन ठेवताना मी दर वेळी विचारायचे, कळलं का गं पुढचं? ती म्हणायची, नाही अजून. आमचं ते राम राम म्हणण्यासारखं झालं होतं.

मागच्या थंडीत ती दवाखान्यात होती, तेव्हा मी सोबतीला राहिले. छाती भरलेली, अंगाची काडी झालेली, पण जिभेला धार तीच. दुसऱ्या दिवशी तरुण डॉक्टर तपासायला आले. "आजी," त्यांनी हाक मारली. मावशी डोळे मिटून स्वस्थ. "आजी!" काही नाही. डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "रिस्पॉन्स कमी होतोय. घरच्यांना बोलावून घ्या."

मी म्हटलं, "डॉक्टर, तिसरी हाक मारा."

मलाही एखादी खाट द्यावी लागणार अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पण मारली. "आजी?"

"ओ," मावशी म्हणाली. "ओरडताय कशाला, ऐकू येतं मला."

सिस्टर सुरगाण्याकडची होती. तिला ही गंमत फार आवडली. औषध द्यायला आली की ती एका दमात म्हणायची, "आजी, आजी, आजी." मावशी डोळेही उघडत नसे. "एका श्वासातल्या तीन म्हणजे एकच धरतात," एकदा तिनं समजावून सांगितलं. "मधे थांबायचं असतं. समोरच्याला विचार करायला वेळ द्यायचा." मग सिस्टर शहाण्या मुलीसारखी थांबून थांबून हाका मारू लागली. हाका मारायची आणि औषधाचा चमचा धरून वाट बघायची. दुसऱ्या खाटांवरच्या बायकाही तिसऱ्या हाकेकडं कान लावून बसायच्या.

शेवटची ती दुपार होती. मी खाटेशेजारी बसून संत्र्याच्या फोडी सोलत होते. मावशी खायची नाही, पण सालीचा वास तिला बरा वाटायचा. सिस्टर पलीकडच्या खाटेवरची चादर बदलत होती, आमच्याकडं पाठ करून. खोलीत पंख्याचा आवाज होता, बाकी काही नाही.

"ओ," मावशी म्हणाली.

स्वच्छ, खणखणीत. एक्स्चेंजमधला तो आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकत होते. आणि पाठोपाठ, "आले रे. आले."

सिस्टर हसत वळली. "बघा ताई, आज तुमच्या पयल्याच हाकेला वो दिली आजीनं."

"मी नाही मारली," मी म्हटलं. "मला वाटलं तुम्ही मारलीत."

"म्या नाय," ती म्हणाली, आणि तिचं हसू तसंच राहिलं.

खोलीत पुरुष माणूस नव्हता. "रे" म्हणावं असं तिथं कुणीच नव्हतं.

मला भीती वाटली, हे कबूल करते. माझ्या चपलेत माझी बोटं आखडून गेली होती. आणि त्यावरूनच मला सुचलं. पांघरूण तिच्या पायावरून सरकलं होतं. आयुष्यभर तिनं आमची बोटं बघितली, तिची कुणी बघितली नव्हती. मी वाकून बघितली. म्हातारे, भेगाळलेले पाय, आणि त्यांची दहाही बोटं सैल होती. फरशीवर गोष्ट ऐकता ऐकता झोपून गेलेल्या पोराची असतात तशी, मोकळी.

त्यानंतर ती बोलली नाही. दिवेलागणीला गेली. मी खूप रडले. सिस्टरही रडली, मावशी तिची तर कुणीच नव्हती.

कळलं की लिहीन, म्हणाली होती. लिहायला तिला सवड मिळाली नाही. कुणी म्हणेल, जाणाऱ्या माणसाला भास होतात. होत असतील. मी वाद घालणार नाही, मला गोष्टी लिहिता येत नाहीत आणि भुताखेतांचं मला काही सिद्धही करायचं नाही. पण मी बोटं बघितली आहेत, आणि बोटांना सोंग जमत नाही हे मला ज्या बाईनं शिकवलं तिच्याच पायांची ती होती.

आज आखाजी. सकाळी सासूबाईंनी त्यांच्या घागरी मांडल्या, सासऱ्यांची, आजेसासऱ्यांची. त्यांच्या शेजारी मी परवाच्या दोन ठेवल्या, एक मोठी, एक जरा लहान. सासूबाईंनी विचारलं, "ह्या दोन कोनन्या शेतस?"

"एक माझ्या मावशीची," मी म्हटलं. "दुसरी तिच्या भावाची. लहान होता."

नात्यानं मला या घागरींचा हक्क नाही, हे मला माहीत आहे आणि त्यांना माझ्याहून जास्त माहीत आहे. तरी आपल्या घागरी जरा बाजूला सरकवून त्यांनी जागा केली, आणि टोपलीतलं एक लहानसं खरबूज निवडून लहान घागरीवर ठेवलं.

पाणी भरलं. थोडा वाळा टाकला. पितरांच्या घागरीत वाळा टाकतात की नाही ते मी कुणाला विचारलं नाही. मग हाका मारल्या. दिनूला एकदाच मारली, त्याला तेवढी पुरते. मावशीला मात्र तीनदा मारली, मधे थांबून थांबून, तिला विचार करायला वेळ देत. तिसरीनंतर मी जरा वेळ कान देऊन तिथंच बसून राहिले.